प्रवरेकाठचे पाषाण

घोटीहून बारीच्या दिशेने निघालं की कळसूबाईची रांग समोर उभी राहते. १६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, त्यामुळे येणाऱ्याची नजर आधी माथ्यावरच्या देवळाकडे जाते. मी मात्र या वेळी डोंगराचं अंग न्याहाळत होते. पाऊस सरला होता, हवा स्वच्छ होती आणि उतारावरचे थर गाडीतूनही ठळक दिसत होते. काळा कडा, त्याखाली गवताचा पट्टा, पुन्हा काळा कडा, पुन्हा गवत. शेजारच्या डोंगरावरही तेच आणि जवळपास त्याच पातळीत. मध्ये खोल दरी असली तरी दोन डोंगरांचे थर एकमेकांशी जुळतात. हे सगळं कधीकाळी एकच सलग पठार होतं. दऱ्या नंतर पडल्या.

मी शाळेत भूगोल शिकवत आले. सहावीच्या वर्गात खडकांचे तीन प्रकार शिकवायचे असतात: अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित. मुलं ते चटकन पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, कारण ज्या गावात ती राहतात तिथे त्यांना एकच काळा दगड दिसतो. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा तर जवळजवळ संपूर्णपणे या काळ्या पाषाणावर वसलेला. मग खडक घडतात कसे, हे इथल्या मुलांना दाखवायचं कुठे? या प्रश्नासाठीच मी प्रवरा नदी धरून निघाले होते. रतनगडाच्या अंगावर उगम पावून टोक्याला गोदावरीला मिळेपर्यंतची तिची वाट, आणि मध्ये पारनेरकडे एक वळण.

भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला पोचले. अमृतेश्वराच्या देवळाचा दगड, गावातल्या बांधांचा दगड, मागच्या रतनगडाचा दगड, सगळा एकाच जातीचा: बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हारस वाहत होता. आज पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपासचा प्रदेश या थरांखाली आहे. सगळा महाराष्ट्र धरला तर फक्त कोकणचा दक्षिण भाग, पूर्व विदर्भ आणि आणखी काही कोपरे सुटतात. सह्याद्रीतल्या थरांची शास्त्रज्ञांनी जी उतरंड लावली आहे, तिच्यातल्या सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला त्यांनी नाव दिलं आहे कळसूबाईचं. त्यावर लोणावळा गट, त्याच्यावर वाई गट. वाई गटातला काही लाव्हा तर थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत वाहत गेला होता.

वाट दाखवायला आलेले मामा गडावर पर्यटक नेण्यात मुरलेले होते. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, एवढा रस आला तर तो आला कुठून? ह्या मुलखात तोंड काही कुठं दिसत नाही." प्रश्न अगदी नेमका होता. चित्रातल्या ज्वालामुखीला शंकूसारखा डोंगर असतो, माथ्यावर खोलगट विवर असतं. सह्याद्रीत तसं काही नाही. मी त्यांना म्हटलं, "मामा, तोंड संगमनेरला आहे. तिकडेच चाललेय." ते हसले, पण ते उत्तर मी मनापासून दिलं होतं.

लाव्हाचा थर कसा बनतो ते पाहायला नदीचं पात्र बरं, कारण पाण्याने तिथला दगड घासून साफ केलेला असतो. रतनवाडीच्या खाली ओढ्यात उतरले. दगडाच्या पृष्ठावर एकमेकांना खेटून बसलेले फुगीर गोळे दिसत होते, काही हातभर रुंद, काही खोलीएवढे. पातळ लाव्हा संथ वाहताना त्याचा पुढचा भाग हवेने निवतो आणि वर साय धरावी तशी नाही, तर चांगली टणक कवची धरते. आतला रस मात्र तापलेलाच असतो आणि मागून नवा येत राहतो. तव्यावरची भाकरी जशी आतल्या वाफेने पापुद्रा उचलून फुगते, तसा हा गोळा आतून येणाऱ्या रसाने फुगतो. कवची एखाद्या जागी फुटली की तिथून नवा गोळा बाहेर पडतो. असे असंख्य गोळे मिळून एक थर होतो. बाराशे अंशांच्या जवळपास तापलेला रस कवचीखाली झाकला गेल्यामुळेच लांबवर वाहू शकला. उघड्यावर तो लवकर गोठला असता.

ओढ्यातला एक तुकडा फोडून भिंगाखाली धरला. रंग काळसर करडा, कण इतके बारीक की डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. लाव्हा जमिनीवर येऊन भराभर निवला म्हणून स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला नाही. हाच शिलारस खोल जमिनीखाली लाखो वर्षं हळूहळू निवला असता तर कण मोठे झाले असते. नांदेडच्या देगलूर भागात जो ग्रॅनाइट दिसतो, त्याचे गुलाबी-पांढरे कण लांबूनही मोजता येतात ते याच कारणाने; त्यात सिलिकाही जास्त आणि म्हणून रंग उजळ. आपला बेसाल्ट लोह आणि मॅग्नेशियमने भारलेला, म्हणून काळा आणि जड.

त्याच तुकड्याच्या वरच्या बाजूला बारीक छिद्रं होती. लाव्हातले वायू वर जाऊ पाहतात आणि कवचीखाली अडकतात. त्यामुळे प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र आणि गाभा भरीव असतो. सच्छिद्र माथा लवकर झिजतो, त्याची माती होते, तिथे गवत उगवतं. भरीव गाभा झिजायला तयार नसतो, तो कड्यासारखा उभा राहतो. बारीजवळ दिसलेल्या काळ्या आणि हिरव्या पट्ट्यांचं कारण एवढंच. रंधा धबधब्याला प्रवरा खाली झेप घेते तीसुद्धा अशाच भरीव गाभ्यावरून.

रंध्याहून अकोल्याकडे उतरताना रस्त्यासाठी डोंगर जिथे कापला आहे, तिथे मी बराच वेळ थांबले. वरचा आणि खालचा दोन्ही थर काळे, आणि मध्ये दीड-दोन फुटांचा विटकरी लाल पट्टा. याला इकडे गेरू म्हणतात. दोन उद्रेकांच्या मध्ये जो अवकाश मिळाला, त्यात खालचा लाव्हा हवा-पाण्याने कुजून त्याची माती झाली. काही ठिकाणी वरून पडलेली राखही तिच्यात मिसळली. मग नवा लाव्हा आला आणि त्याने ती माती झाकली, भाजली. बोटाने खरवडलं की लाल भुकटी सुटत होती. त्या पट्ट्याच्या लगेच वर, नव्या थराच्या अगदी तळाशी, बोटभर लांबीच्या उभ्या नळ्या होत्या, आत पांढऱ्या खनिजाने भरलेल्या. ओल्या जमिनीवर तापलेला रस पसरला तेव्हा तळाशी कोंडलेली वाफ आणि वायू वर चढत गेले, त्यांच्या या वाटा. काही नळ्या वरच्या टोकाला एकाच बाजूला झुकलेल्या होत्या. लाव्हा ज्या दिशेने सरकत होता, तिकडे.

या लाल पट्ट्यांनी जगाच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न सोडवायला मदत केली आहे. बेसाल्टचं नेमकं वय काढणं अवघड, कारण त्यात वय सांगणारं झिरकॉन हे खनिज सहसा नसतं. पण गेरूत मिसळलेल्या ज्वालामुखी राखेत ते सापडतं. प्रिन्सटन विद्यापीठाच्या ब्लेअर शोएन यांच्या गटाने सह्याद्रीतल्या अशा थरांतले झिरकॉनचे कण वेचून त्यांतल्या युरेनियम आणि शिशाचं प्रमाण मोजलं. २०१५ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की मुख्य उद्रेक साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला आणि डायनासोर नाहीसे होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला. आमच्या घाटातली ही लाल माती हातात घेताना मला ते आठवत होतं.

गेरूचा हा पट्टा आणखी एका कारणाने महत्त्वाचा. खडक वितळला नाही, पण नुसत्या उष्णतेने बदलला, तर त्याला रूपांतर म्हणतात. इथे ते अगदी लहान प्रमाणात, काही इंचांत घडलं. तरी ज्या मुलाला रूपांतर म्हणजे काय ते कळत नाही, त्याला मी पुस्तकातलं चित्र दाखवण्याऐवजी इथे आणीन.

संगमनेरला पोचले आणि मामांच्या प्रश्नाचं उत्तर शेतात उभं दिसलं. सपाट रानातून सरळ रेषेत जाणारी काळ्या दगडांची एक रांग, दोन्ही बाजूंना ज्वारी. शास्त्रात तिला भित्ती म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द डाइक. जमिनीला उभ्या भेगा पडल्या, त्यांतून शिलारस वर चढला आणि उरला तो भेगेतच गोठला. पुढे आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि आतली भिंत उघडी पडली. संगमनेरच्या परिसरात अशा भित्तींचा मोठा थवाच आहे. निनाद बोंद्रे, विल्यम हार्ट आणि हेतू शेठ यांनी २००६ साली त्यांच्यावर सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला. भित्तींची रासायनिक घडण तपासून, त्यांतल्या काही सह्याद्रीतल्या लाव्हाथरांच्या जातकुळीच्या आहेत, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे दख्खनचं तोंड एखाद्या शिखरावर शोधायचं नाही. ते जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांत होतं.

भित्तीचा दगड हाताळला तर फरक जाणवतो. कडेला अगदी बारीक, जवळपास काचेसारखा गुळगुळीत, कारण थंड खडकाला टेकून तो झटकन निवला. मध्यभागी कण जरा मोठे, भिंगाशिवायही चमकणारे; या दगडाला डोलेराइट म्हणतात. निवताना दगड आकसतो आणि त्याला थंड पृष्ठाशी काटकोनात तडे जातात. लाव्हाच्या आडव्या थरात ते तडे उभे असतात, भित्तीत मात्र आडवे. त्यामुळे भित्तीजवळ उभं राहिलं की कोणीतरी दगडी ओंडके रचून ठेवलेत असं वाटतं.

शेजारच्या रानात विहिरीचं काम चाललं होतं. काम पाहणारे आजोबा म्हणाले, "वर काळी, खाली मुरूम, मग मांजऱ्या. मांजऱ्यात पाणी लागलं तर लागलं. त्याखाली काळा पाषाण आला की पैसे पाण्यात, पण पाणी नाही." भित्तीकडे हात करून पुढे म्हणाले, "तिच्या वरच्या अंगाच्या विहिरी मे महिन्यातही धरतात. खालच्या अंगाच्या ठणठणीत." भूजलशास्त्र यापेक्षा वेगळं काही सांगत नाही. थराचा सच्छिद्र, कुजलेला माथा, म्हणजे मांजऱ्या, पाणी साठवतो, भरीव गाभ्यात ते फक्त तड्यांतून हलतं, आणि जमिनीखालची भित्ती बांधासारखी ते अडवते. कुठे मात्र भित्तीच इतकी तडकलेली असते की पाणी तिच्याच अंगातून वाहतं. दोन शेतकऱ्यांच्या विहिरींत एवढा फरक का, याचं कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी खडक कसा निवला यात असतं.

विहिरीतून काढलेल्या दगडांच्या ढिगात उन्हाने काहीतरी चमकलं. मुठीएवढा दगड, आत पोकळी, पोकळीत पांढऱ्या स्फटिकांची पानं आणि मध्ये एक पारदर्शक, टोकदार खडा. लाव्हातल्या पोकळ्यांतून नंतरच्या काळात गरम पाणी झिरपत राहिलं. त्याने खडकातली द्रव्यं विरघळवून घेतली आणि पोकळ्यांत सोडली. त्यांतून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातली खनिजं आणि त्यांच्या सोबतीने ॲपोफिलाइट तयार होतं. राहुरीकडचे हिरवे ॲपोफिलाइट जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. कोणाला हे सगळं एका छपराखाली पाहायचं असेल तर सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय इथून फार लांब नाही. गावातल्या लहान मुलांना मात्र हे खडे ढिगातच सापडतात, आणि खिशात जातात.

संगमनेरहून चंदनापुरीचा घाट चढून आळेफाट्याकडे निघाले. वाट थोडी वाकडी करून पुणे जिल्ह्यातल्या बोरीला कुकडीच्या काठावर थांबले. इथे नदीच्या गाळात फिकट रंगाच्या, पिठूळ राखेचा थर आहे. ही राख सह्याद्रीची नव्हे. तीन हजार किलोमीटरांपलीकडच्या सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची राख वाऱ्याने आली आणि इथे पडली. ती तोबाच्या कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांमध्ये जुना वाद आहे. राखेचे कण दाबले जाऊन घट्ट झाले की त्यांचाही खडक होतो. बोरीची राख त्या वाटेवर अजून फार पुढे गेलेली नाही; नखाने टोकरली तरी सुटते. तिच्या लगतच्या थरांतून आदिमानवाची दगडी हत्यारंही मिळाली आहेत.

हीच कुकडी पुढे निघोज आणि टाकळी हाजी यांच्या मधून जाते. निघोजची कुंडं किंवा रांजणखळगे हे नाव महाराष्ट्रात बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मळगंगेच्या देवळापासून खाली पात्रात उतरलं की काळ्या बेसाल्टमध्ये शेकडो खड्डे दिसतात. काही वाटीएवढे, काही माणूस बुडेल एवढे, आतून गुळगुळीत. मी एका लहान खळग्यात वाकून पाहिलं. तळाशी सहा-सात गोटे होते, सगळे वाटोळे, त्यांतला एक लालसर. पुराचं पाणी भोवरा करतं, भोवऱ्यात गोटे फिरतात आणि खडक घासतात. खडक झिजतो तसे गोटेही झिजतात. ते संपले की पुढचा पूर नवे आणून टाकतो. जवळच दोन खळग्यांमधली भिंत झिजून झिजून बोटभर उरली होती. हे दोन्ही खळगे एक होतील. असे एकमेकांत मिसळणारे खळगेच नदीचं पात्र खोल करतात.

निघोजला खडक मोडतो. मोडलेल्याचं पुढे काय होतं, ते पाहायला वडगाव दर्याला गेले. पारनेरच्या पठारावर अचानक एक घळ लागते, घळीत दर्याबाईचं ठाणं आणि नैसर्गिक गुहा. छतातून पांढरट, खडबडीत लोंब खाली आलेले आहेत. हे चुनखडीचे लवणस्तंभ. एरवी असे स्तंभ चुनखडकाच्या प्रदेशात असतात. बेसाल्टच्या मुलखात ते पाहायला मिळणं दुर्मीळ. दर्शनाला आलेल्या एक आजी माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "बाई, हे वाढतं बरं का. देवीचं आहे." ते वाढतं हे खरंच. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. ते बेसाल्टमधून झिरपताना त्यातल्या फेल्डस्पारमधला कॅल्शियम सोडवून घेतं. गुहेच्या छताशी आलं की वायू निसटतो आणि चुना मागे राहतो. मी एका लोंबाच्या टोकाला लागलेला थेंब बघत उभी राहिले. थेंब भरत गेला, थरथरला, पडला. त्याने ठेवलेला चुना डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

हाच चुना नगरच्या काळ्या शेतात गोट्यांच्या रूपाने सापडतो. शेतकरी त्याला कंकर किंवा चुनखडी म्हणतात, आणि तो फार झाला की उसाची पानं पिवळी पडतात म्हणून वैतागतात. जुन्या वाड्यांसाठी भट्टीत चुना भाजला जायचा तोही कंकराचाच. नगर शहरात दमडी मशिदीपाशी थांबले. १५६७-६८ मधली ही लहानशी वास्तू. बेसाल्टवरची इतकी नाजूक वेलबुट्टी कमी ठिकाणी दिसते. बारीक कणांचा, कोणत्याही दिशेने सारखाच फुटणारा दगड मिळाला म्हणून पाथरवटाच्या छिन्नीला हे साधलं.

पारनेरहून नगरला येताना हिवरे बाजारचा फाटा लागतो. गावाने चर खोदले, बांध घातले, पाणी मुरवलं, आणि शेतीसाठी बोअरवेल घ्यायला बंदी केली. या बंदीचं शहाणपण संगमनेरच्या विहिरीवर उभं राहिल्यावर कळतं. वरचा मांजऱ्या दरवर्षीच्या पावसाने भरतो. खोल पाषाणातल्या तड्यांत जे पाणी आहे ते साठायला फार काळ लागलेला असतो, आणि बोअर ते काही हंगामांत उपसून टाकते. खडक ओळखून वागणाऱ्या गावाला पाणी पुरतं.

नेवाशाला प्रवरा शांत, रुंद झालेली असते. पैस खांबाचं दर्शन घेऊन मी नदीच्या काठावर आले. ज्या कड्यावर उभी होते तो बेसाल्टचा नव्हता. तळाला गोटे, त्यावर वाळू, त्यावर गाळ, असे आडवे थर, आणि गोट्यांना एकमेकांशी घट्ट बांधणारा पांढरट चुना. हातोडीने मारलं तरी गोटा सुटत नव्हता. हा गाळाचा खडक. रतनगडाचा कडा फुटला, रंध्यावरून आदळत आला, निघोजसारख्या खळग्यांत फिरला, वाटेत वाटोळा झाला, इथे पसरला. आणि वडगाव दर्यात ज्याने स्तंभ उभे केले त्याच चुन्याने त्याला सांधलं. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाहिलेलं सगळं इथे एका वीतभर जागेत होतं: काळा बेसाल्टचा गोटा, लाव्हाच्या पोकळीतून सुटून आलेला पट्ट्यापट्ट्यांचा अकीक आणि दोघांच्या मधला चुना.

याच थरांनी नेवाशाला जगाच्या नकाशावर आणलं. १९५४ ते ५६ या काळात हसमुख सांकलिया यांनी डेक्कन कॉलेजतर्फे इथे उत्खनन केलं. नदीच्या गोट्यांच्या थरांतून त्यांना अश्मयुगातली हत्यारं मिळाली. पुढे गुड्रुन कॉर्व्हिनस या जर्मन विदुषीने जवळच्या चिरकी ओढ्यावर वर्षानुवर्षं काम करून हातकुऱ्हाडी आणि फरशा उजेडात आणल्या. जुन्या टप्प्यातली हत्यारं घट्ट बेसाल्ट आणि डोलेराइटची आहेत. नंतरच्या टप्प्यातली लहान हत्यारं चर्ट, जास्पर, चाल्सेडनी यांची, कारण त्या दगडांना धारदार कडा निघते. कोणता खडक कसा फुटतो हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. ते ज्ञान त्यांना कोणी पाठ करायला लावलेलं नव्हतं.

रूपांतरित खडकाचा मोठा नमुना मात्र नगर जिल्ह्याच्या जमिनीवर नाही. परतीच्या वाटेवर शिर्डीला दर्शन घेतलं, तेव्हा तो समोर होता. समाधीमागची साईबाबांची मूर्ती इटलीच्या संगमरवराची. बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली ही मूर्ती १९५४ साली स्थापन झाली. चुनखडक जमिनीत खोल गाडला गेला, उष्णता आणि दाब यांनी त्यातले कण न वितळता नव्याने स्फटिक झाले, आणि संगमरवर बनला. असेच वाळूच्या खडकाचे गारवट, ग्रॅनाइटचा पट्टेदार नाइस. महाराष्ट्रात ते सिंधुदुर्गात आणि नागपूरच्या मनसर-रामटेककडे उघडे दिसतात. पण आपल्या बेसाल्टखालीही ते आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे ३४० मीटर बेसाल्ट संपल्यावर हाच प्राचीन पाया लागला. म्हणजे मराठवाड्यात काय, नगरमध्ये काय, लाव्हा पसरण्याआधीचा जुना मुलूख पायाखाली जसाच्या तसा आहे.

या प्रवासात जे पाहिलं ते पुढच्या पिढीला पाहायला मिळेल का, याची मला काळजी वाटते. संगमनेरकडच्या भित्ती खडीसाठी फोडल्या जातात, कारण त्यांचा दगड कठीण आणि रस्त्याला लागून. प्रवरेची वाळू उपसली जाते आणि तिच्याबरोबर काठांचे जुने थर ढासळतात. निघोजच्या खळग्यांत प्लास्टिकच्या बाटल्या तरंगतात. खडी, वाळू हवीच आहे. घरं आणि रस्ते त्यांच्याशिवाय होत नाहीत. पण तालुक्यातली एक तरी भित्ती, नेवाशाचा एक तरी काठ, घाटातला एक तरी गेरूचा कापा ग्रामसभेने ठराव करून राखून ठेवायला काय हरकत आहे? तिथे एक साधा मराठी फलक लावला तरी पुरे.

आणि शिक्षकांना एक विनंती. सहल दूरच्या थंड हवेच्या ठिकाणी न्या, जरूर न्या. पण एक दिवस प्रवरेसाठी ठेवा. सकाळी रंध्यावर अग्निजन्य, दुपारी संगमनेरला भित्ती, संध्याकाळी नेवाशाच्या काठावर गाळाचा खडक. एक भिंग, एक हातोडी आणि एसटीचं तिकीट, एवढाच खर्च आहे.